मारी आंत्वानेतची दोन चित्रं: बसणं तेच, गुलाब तोच, पोशाख मात्र वेगळा. असं का?

गेरूमाती

नमस्कार मंडळी. मी तैलरंगात व्यक्तिचित्रं शिकतेय आणि सरावासाठी जुन्या चित्रांच्या नकला करते. सध्या एलिझाबेथ व्हिजे-ल ब्रं या फ्रेंच चित्रकर्तीने काढलेली फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची दोन चित्रं समोर ठेवली आहेत. दोन्ही १७८३ची. मान तशीच कललेली, हात तसेच, हातात गुलाब आणि त्याला ती फीत गुंडाळतेय. पण एकात पांढऱ्या मलमलीचा सैल झगा नि गवताची मोठी हॅट, तर दुसऱ्यात निळसर करडं रेशीम, लेस आणि मोती.

एकाच वर्षी तेच चित्र दोनदा का काढलं असेल? आणि मी नक्कल कोणत्याची करावी? मला पांढरं आवडलंय. क्लासमधल्या मैत्रिणी म्हणतात, त्यात काय आहे, रेशमी कर, शिकायला जास्त मिळेल.

जुना कॅनव्हास

ताई, पांढरं आधीचं. रेशमी त्याच्या जागी आलं, आणि मधे बरंच रामायण घडलं.

३१ मे १७८३ला व्हिजे-ल ब्रं पॅरिसच्या रॉयल अकादमीत, म्हणजे चित्रकारांच्या राजमान्य संस्थेत, दाखल झाली. वय अठ्ठावीस. बायकांना तिथे जागा चारच. त्यात तिचा नवरा चित्रांचा व्यापारी, आणि अकादमीच्या सभासदाने असल्या व्यापारापासून लांब राहायचं असा दंडक. राणीने राजाकडे शब्द टाकला म्हणून दार उघडलं. सभासद झाल्यावर सलोंमध्ये चित्रं लावता येत. हे प्रदर्शन लूव्रमध्ये वर्षाआड भरायचं आणि बघायला सगळं पॅरिस लोटायचं. तिच्या त्या पहिल्याच सलोंमध्ये राणीचं हे पांढरं चित्र लागलं.

आणि लोक खवळले. मुकुट नाही, हिरेमोती नाहीत, राजेपणाची एकही खूण नाही. झगा तर बायका आतून घालत त्या शेमीजसारखा. राणीला आतल्या कपड्यांवर चारचौघांत बसवली, अशी ओरड झाली. चित्र उतरवावं लागलं. त्याच्या जागी आलं ते तुमचं रेशमी. चेहरा आणि हात तयार होतेच, ते पुन्हा शोधत बसायला सवड कुठली? तिने बैठक तीच ठेवली, मागे झाडं आणली, अंगावर फ्रेंच रेशीम चढवलं. हे चित्र आज व्हर्सायला आहे.

मला या प्रसंगाचं मनापासून वाईट वाटतं. रेशमी चित्र उत्तम आहे, त्यातली लेस बघत राहावी अशी आहे. पण पांढऱ्या चित्रात नजर थेट चेहऱ्यावर जाते, कारण तिला थांबवायला मधे काही नाही. व्हिजे-ल ब्रं त्या काळच्या थाटाला पार कंटाळलेली होती. केसांना पावडर फासायची रीत तिला अजिबात आवडत नसे. ग्रामों-कादरूसच्या डचेसला तिने पावडरीशिवाय बसवलं, काळेभोर केस मधोमध भांग पाडून रंगवले. डचेस तशीच नाटकाला गेली आणि पुढे ती फॅशनच झाली, असं तिने आठवणींत लिहून ठेवलंय.

तुम्ही पांढरंच करा. मैत्रिणींना सांगा, रेशमाची चमक चार फटकाऱ्यांत जमते. पांढऱ्या मलमलीत पांढरा रंग फार थोडा असतो, हे हाताला कळायला वेळ लागतो.

सूतधागा

कापडाच्या बाजूने थोडी भर. त्या काळी युरोपात उत्तम मलमल म्हणजे बंगालची, ढाक्याकडची. फ्रान्सचं वैभव मात्र ल्यों शहराचं रेशीम. राणीच परदेशी सुती कापड नेसून बसली तर ल्योंच्या विणकरांनी कोणाच्या तोंडाकडे बघायचं, हाही राग त्या टीकेत होता. चित्र उतरलं तरी झगा काही मागे हटला नाही. तो राणीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला आणि बायकांनी सर्रास घातला.

पाटीपेन्सिल

त्याच ३१ मेला आदेलाईद लाबिल-गियार हीसुद्धा अकादमीत आली, तिलाही विसरू नका. लोकांनी दोघींची कायम झुंज लावली. लाबिल-गियारने पुढे राजाच्या आत्यांची चित्रं केली. तिचं १७८५चं दोन शिष्यांसोबतचं स्वतःचं चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. फ्रेंच राज्यक्रांती पेटल्यावर व्हिजे-ल ब्रं १७८९च्या ऑक्टोबरात लहान मुलीला घेऊन देशाबाहेर पडली, लाबिल-गियार मागे राहिली. राजाच्या भावासाठी केलेलं तिचं भलंमोठं चित्र १७९३मध्ये सरकारी हुकमाने नष्ट केलं गेलं. कितीतरी मेहनत होती हो त्यात. वाचलं की जीव हळहळतो.

गेरूमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं, पांढरंच! सर, एक अडचण आहे. चेहऱ्याच्या सावल्या मी बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाने करते आणि राणी एकदम मळकट दिसायला लागते. कॅनव्हास कोरा पांढरा ठेवलाय.

जुना कॅनव्हास

अंबर बाजूला ठेवा. राणीची त्वचा इतकी पारदर्शक होती की ती सावली धरतच नसे, आणि ती टवटवी दाखवायला आपल्याकडे रंग अपुरे पडत, असं व्हिजे-ल ब्रंने स्वतः लिहिलंय. समोर बसवून काढणारीला जे जड गेलं ते आपल्याला नक्कल करताना जाणारच. गालाच्या कडेला गुलाबी उतरवत थंड करड्याकडे न्या, काळोख करू नका.

कॅनव्हास कोरा नको. यलो ऑकरमध्ये, म्हणजे मातकट पिवळ्यात, थोडा करडा घालून पातळ हात फिरवा, वाळू द्या. मग झगा त्या मधल्या छटेवर उभा करा: सावलीत करडा, दंडाशी जिथे कापडातून त्वचा डोकावते तिथे किंचित गुलाबी, कमरेच्या पट्ट्याजवळ पिवळ्याची झाक. शुद्ध पांढरा फक्त झालरीच्या टोकांना, आणि तोही शेवटी. हॅटखालचा उजेड समजून घ्यायला तिचं स्वतःचं गवती हॅटमधलं चित्र बघा, लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. कपाळावर सावली आहे, पण तिच्यातही रंग जिवंत आहे.

सगळं चित्र एकदम घेऊ नका. आधी नुसती एक बाही करा आणि फोटो इथे टाका, मग चेहऱ्याचं बोलू.