गुरुपौर्णिमेला बाईंना काय न्यावं?

शाळेत मी फार अडखळत बोलायचे. आठवीत संस्कृतच्या बाईंनी मधल्या सुट्टीत मला रामरक्षा शिकवली. अनुष्टुभ छंद, चरणात ८ अक्षरं. चरण संपला की मांडीवर टाळी, मग श्वास. 'चरितं रघुनाथस्य' न अडखळता आलं, त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा हात वर केला. २५ वर्षं झाली, ऑफिसात बोलायच्या आधी अजून मनात तेच म्हणते. बाई आता थकल्यात. शाल-श्रीफळ परकं वाटतं. काय नेऊ?

— ताई, समोर बसून रामरक्षाच म्हणा. मी तबल्याच्या गुरुजींना पेढे नेले होते. त्यांनी डबा बाजूला ठेवला, म्हणाले, "आधी वाजव."

— आषाढात पाऊस असतो, त्यांना कुठे बोलावू नका, तुम्हीच घरी जा. सकाळी जा, वय झालेली माणसं दुपारी पडतात. मोगरा मिळाला तर न्या. आणि अडखळलात तरी थांबू नका, त्यांनी तुम्हाला तसंच ऐकलंय.

— (प्रश्न विचारणारी) सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच फोन केला. आवाज ओळखून म्हणाल्या, "टाळी देतेस ना गं अजून?"