बीबीसी मायक्रोची (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) मेमरी वाढवायची आहे, नागपुरात कोण करून देईल?

नागपूरकर६५०२: बेसिकमधल्या बिल्ट-इन असेंब्लरमध्ये (मशीन कोड बनवणारा भाग) गेम लिहून राहिलो, अर्ध्यात आलं की "नो रूम" (जागा नाही) येतं. मॉडेल बी, ३२ के रॅम, प्रोग्राम तेवढा मोठा नाहीच! साइडवेज रॅमचा (जास्तीच्या मेमरीचा) बोर्ड टाकला की होईल ना? बर्डीवर कोणी बसवून देत असेल तर लवकर सांगा, रविवारी पोरांना दाखवायचंय.

कॅसेटवाला: मोड (स्क्रीनचा प्रकार) कोणता? डिस्क आहे का?

स्पेक्ट्रमभौ: ते सोडा, स्पेक्ट्रम (दुसरा जुना संगणक) घ्या. १६ के वाल्यात चिपा टाकून मी ४८ के केला, अजून चालते.

नागपूरकर६५०२: स्पेक्ट्रम नको भाऊ. रंग पाहिजे म्हणून मोड २. डिस्क तर आहेच, नाहीतर सेव्ह कुठं करू? बोर्डाचं सांगा.

धंतोली_बाइट: बोर्ड टाकाच, सरळ १६ के वाढते.

कॅसेटवाला: वाढते, पण बेसिकच्या प्रोग्रामला मिळत नाही. बेसिकची रॉम ज्या पत्त्यांवर दिसते तिथंच ती रॅम येते.

धंतोली_बाइट: काऊन नाही मिळत? माझा वर्डप्रोसेसर त्यातच चालते.

कॅसेटवाला: तो रॉम इमेज (रॉमच्या जागीच चालायला बनवलेला प्रोग्राम) आहे म्हणून चालतो. इथं हिशोब बघा, मोड २ चा स्क्रीन २० के खातो म्हणून हायमेम (बेसिकच्या जागेचा वरचा शेवट) १२२८८, डिस्कमुळे पेज (त्या जागेची सुरुवात) ६४००, राहिले ५८८८ बाइट आणि सोर्स, व्हेरिएबल, मशीन कोड सगळं त्यातच. मोड ५ लावा, रेझोल्यूशन तेच, रंग चार, आणखी १० के मोकळे.

जुनी_शाळा: पॉवर सप्लायमधले फिल्टर कपॅसिटर बदलले का? जुने असले तर धूर काढतात. १९८४ च्या क्लास (शाळांत संगणक शिकवायच्या) प्रकल्पात हीच मशीन शाळांत आली होती, फार जीव लागायचा.

नागपूरकर६५०२: मोड ५ मध्ये पूर्ण असेंबल झालं! पण मला सोळा रंगच पाहिजे.

कॅसेटवाला: खरे आठच, बाकीचे लुकलुकणारे. मग मोड ७ मध्ये असेंबल करा, तिथं स्क्रीनला १ केच लागतो. आधी रिपोर्ट टाइप करा, १९८१ येते की १९८२?

नागपूरकर६५०२: १९८२.

कॅसेटवाला: म्हणजे बेसिक २, जमते. ऑप्ट (असेंब्लरची सेटिंग) ४ आणि ६ असे दोन पास (सोर्सवरून दोन फेऱ्या) द्या, दर पासच्या सुरुवातीला पी टक्क्यात (P%, कोड जिथं चालणार तो पत्ता) ६४०० आणि ओ टक्क्यात (O%, कोड तूर्त जिथं ठेवायचा) डिमने (जागा राखायची आज्ञा) राखलेला पत्ता पुन्हा भरा. मग ओ टक्क्याच्या जागेवरून स्टार सेव्ह (*SAVE), लोड आणि एक्झिक्युशन पत्ता ६४००, हे सगळे आकडे हेक्समध्ये. नंतर मोड २ लावून स्टार रन (*RUN), तेव्हा सोर्स लागत नाही म्हणून जागा पुरते.