दहा मीटर एअर रायफल: आधी जॅकेट की आधी पोझिशन?

विश्रामबागकर: शेजारच्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ब्राँझ घेतलं तेव्हापासून सांगलीत पण रायफलची चौकशी वाढलीय, चांगलंच आहे. पण आईबापांचा पहिला प्रश्न काय, तर जॅकेट कुठलं घ्यायचं, म्हणजे अंगाला आधार देणारं ते जाड, कडक शूटिंग जॅकेट. माझं स्पष्ट मत, सुरुवातीचे काही महिने जॅकेट नकोच. डावं कोपर कमरेच्या हाडावर नीट टेकलं की वजन हाडांवरून सरळ पायात उतरतं, दंडाला काम राहत नाही, हे पोराला अंगानं कळू दे की आधी. कडक जॅकेटात वाकडंतिकडं उभं राहिलं तरी बरं वाटतं.

मिरज_रायफल: अजिबात पटलं नाही. रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते, वर पाठ मागं झुकवून उभं राहायचं. बारा-तेरा वर्षांच्या पोराच्या कंबरेनं हे कसं सोसायचं? शिवाय जॅकेट घातल्यावर खांद्याला टेकणारी बटप्लेट, गालाला टेकणारा चीकपीस सगळं परत लावावं लागतं, मग आधीची मेहनत कशाला?

विश्रामबागकर: तासभर उभं करा कुठं म्हणालो, थोडा वेळ होल्डिंग, म्हणजे गोळी न झाडता नुसता नेम धरून उभं राहणं, आणि मग रायफल स्टँडवर. सेटिंग बदलेल, मान्य, पण सवय बदलत नाही. रायफल लावून डोळे मिटायचे, एकदोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. साईट टार्गेटच्या बाजूला गेलेली दिसली तर हातानं ओढायची नाही, पाय सरकवायचे. दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, ओढून आणलेली रायफल ट्रिगरच्या वेळी परत आपल्या जागी पळणारच. हे न करता नुसते स्कोअर मोजणारी पोरं बघितली की जीव तुटतो खरंच.

साताऱ्याची_आई: तुमच्या भांडणात मापाचं राहिलंच. इकडं वाढतं अंग म्हणून एक साईज मोठं घेतात, मग खांद्यावर घडी पडते आणि बट प्रत्येक शॉटला वेगळ्या जागी बसतो, कन्सिस्टन्सी येणार कुठून? आणि जाडी अडीच मिलिमीटरच्या वर गेली तर मॅचला चालत नाही ते वेगळंच.

मिरज_रायफल: ताई बरोबर, मापाचंच पाहिजे. पण मी जॅकेटवर ठाम आहे. मॅचमध्ये ७५ मिनिटांत ६० शॉट, शेवटी शेवटी पाठ दमली की डोकं पुढं पडतं आणि गालाची जागा हलते. तिथं आधार लागतोच.

विश्रामबागकर: मॅच खेळायला लागल्यावर घ्या की, कोण नको म्हणतंय. नवख्याला आधी सपाट सोलचे बूट घ्या, आणि मॅटवर दोन्ही पायांच्या खुणा करून ठेवा.