साइड्सवर भागवा म्हणे! थँक्सगिव्हिंगला शाकाहारी पाहुण्यांचं मेन काय?

दोडका

'थँक्सगिव्हिंगची तयारी' (इथे अमेरिकेत नोव्हेंबरात टर्कीच्या जेवणाचा सण असतो तो) या धाग्यावर परवा कुणीतरी सल्ला टाकलाय: "पाहुण्यांत दोघं-तिघं शाकाहारी असले तर वेगळं मेन (मुख्य पदार्थ) करत बसू नका. मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग, ग्रीन बीन कॅसरोल, रताळी, पाय (pie). अर्धं टेबल व्हेजच असतं. साइड्सवर मस्त भागतं त्यांचं." आणि खाली 'अगदी अगदी'ची रांग. तिथेच उत्तर लिहायला घेतलं होतं, ते वाढत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

भागतं? कोणाचं भागतं? एकदा त्या टेबलाशी शाकाहारी म्हणून उभे राहून बघा. स्टफिंग टर्कीच्या पोटात शिजलेलं. पोटात नसलं तर चिकन ब्रॉथमध्ये भिजवलेलं. बटाट्यावर ग्रेव्ही आधीच ओतलेली, कारण "तशीच छान लागते". कॉलर्ड ग्रीन्सच्या पालेभाजीत हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा तुकडा. रताळ्यांवर मार्शमेलो, म्हणजे जिलेटिन, म्हणजे बहुतेक वेळा डुकराचं. पायच्या आवरणात लोणी आहे की लार्ड (डुकराची चरबी) हे यजमानालाही सांगता येत नाही, कारण पाय विकतचा आणि खोका कधीच कचऱ्यात गेलेला. उरलं काय, तर क्रॅनबेरी सॉस आणि डिनर रोल. जॅम-पाव खायला एवढ्या ट्रॅफिकमधून यायचं का माणसाने?

आणि समजा सगळं खरोखरच व्हेज असलं, तरी प्रश्न पोट भरण्याचा नाहीच. टर्की बाहेर येते, फोटो निघतात, सुरी कोणाच्या हातात द्यायची यावर थट्टामस्करी होते, "डार्क मीट की व्हाइट?" असं एकेकाला विचारून वाढलं जातं. तेवढा वेळ शाकाहारी पाहुणा रिकामी प्लेट धरून, चेहरा हसरा ठेवून उभा. त्याच्यासाठीही काहीतरी कापावं, विचारून वाढावं, एवढंच म्हणणं आहे.

मी कबोचा भोपळा अख्खा करते. टोपी कापायची, बिया काढायच्या, आतून तेल-मीठ चोळून आदल्या दिवशी निम्माशिम्मा भाजून ठेवायचा. सारणात वाइल्ड राइस, चेस्टनट, पिकॅन, सेज आणि मश्रूम. मश्रूम पसरट कढईत थोडे थोडे परतायचे, मीठ शेवटी. एकदम ओतले तर पाणी सुटून नुसते उकडतात. ग्रेव्हीला सुके शिताके मश्रूम भिजवलेलं पाणी, काळपट होईपर्यंत परतलेला कांदा, सोया सॉस आणि लोण्यात भाजलेला मैदा. भोपळा टर्कीच्या शेजारी ठेवायचा आणि टेबलावरच पाचरी कापून वाढायचा.

ओव्हनवाली

वाचायला फार छान. तुमच्याकडे ओव्हन किती आहेत? आमच्याकडे एक. १४ पौंडांची टर्की ३२५ अंश फॅरनहाइटवर साडेतीन-पावणेचार तास आत असते. तिच्या जोडीला तुमचा अख्खा कबोचा कुठे ठेवू, मांडीवर? शिवाय भोपळ्याला ४०० अंश लागतात. जे लोक "वेगळं मेन करा" म्हणून सांगतात त्यांनी त्या दिवशी सकाळी सहा वाजता किचनमध्ये उभं राहून दाखवावं.

दोडका

@ओव्हनवाली, म्हणूनच आदल्या दिवशी भाजा म्हटलंय, वाचलं नाहीत का? टर्कीच्या आत १६५ अंश झाले की ती बाहेर निघते आणि अर्धा तास नुसती पडून राहते. तेवढा वेळ ओव्हन रिकामाच असतो. तेव्हा ४०० करा आणि सारण भरलेला भोपळा आत ढकला. आणि हो, स्टफिंग पक्ष्याच्या पोटात भरू नका असं इथलं कृषी खातंच सांगतं, कारण ते मध्यभागी १६५ पर्यंत पोचायच्या आत मांस सुकून जातं. ट्रेमध्ये भाजा, व्हेजिटेबल ब्रॉथ घाला. कोणाला पत्ता लागत नाही.

चावट_चहा

एवढं रामायण कशाला, टोफर्की आणा, टोफूची तयार टर्की! १९९५ पासून मिळतेय. आत स्टफिंगही भरलेलं असतं. फ्रीझरमधून काढा, भाजा, झालं.

रस्सा_भुरका

टोफर्की शाकाहाऱ्यांना द्यायची म्हणजे शिक्षा आहे. जन्मात ज्याने मांस खाल्लं नाही त्याला मांसाची नक्कल कशाला हवी? आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने आमच्या आईंसाठी आणली होती. आईंनी एक घास घेतला आणि मला मराठीत विचारलं, "हे नक्की कोणाचं आहे रे?" शेवटपर्यंत त्यांचा विश्वास बसला नाही की ते टोफू आणि गव्हाचं ग्लुटेन आहे.

निवांत

पण मांस सोडलेल्यांना आवडते की. माझा अमेरिकन सहकारी दरवर्षी वाट बघत असतो. शाकाहारी म्हणजे फक्त आपल्या घरातले आजी-आजोबा नव्हेत.

खलबत्ता

नट रोस्ट का नाही कोणी सांगत? ब्रिटिश लोक ख्रिसमसला करतात. अक्रोड, मसूर, ब्रेडक्रंब्स, गाजर, कांदा, थाईम. ब्रेडच्या टिनमध्ये दाबून भाजायचा, नीट स्लाइस पडतात. गरम गरम ग्रेव्ही. ओव्हनमध्ये जागाही कमी लागते, ओव्हनवाली ताई खूश.

सहज_सुचलं

नट रोस्टमध्ये अंडं असतं.

खलबत्ता

हो, बांधायला दोन. मग?

सहज_सुचलं

मग तो शाकाहारी नाही.

निवांत

सुरू झालं. इथे अंडं व्हेजिटेरियनच धरतात.

सहज_सुचलं

इथे धरत असतील. भारतात पाकिटावर अंडं असलं की हिरवा ठिपका मिळत नाही, दूध असलं तर मिळतो. तिथून आलेला माणूस 'व्हेजिटेरियन' शब्द ऐकून निर्धास्त खातो आणि मग तिसऱ्या घासाला यजमान उत्साहाने रेसिपी सांगायला लागतात. इथे ठिपकाच नाही. अ‍ॅलर्जीसाठी अंडं, दूध, शेंगदाणे, २०२३ पासून तीळसुद्धा ठळक छापतात. जिलेटिन मात्र घटकांच्या बारीक यादीत शोधत बसायचं, तेही भिंग लावून.

मठ्ठा_प्लीज

जिलेटिन सोडा, चीजचं काय? अस्सल पार्मिजानो रेजानोला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) लागतंच, तसा नियमच आहे त्यांचा. 'व्हेज लझान्या'वर ते बर्फासारखं पेरतात. वूस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही. लोक 'व्हेज मश्रूम ग्रेव्ही' म्हणून त्याच सॉसचे चार थेंब मारतात, चव खुलते म्हणे. खुलणारच, मासा आहे तो.

चावट_चहा

आता हवेचंही लेबल वाचूया. त्यात डास असतात.

खलबत्ता

@सहज_सुचलं, अंड्याऐवजी जवसाची पूड पाण्यात भिजवून घाला. बांधतं. स्लाइस जरा भुसभुशीत पडते, पण पडते. मिळालं समाधान? आता मला सांगा, हे पाहुण्याने आधी सांगायला नको का? यजमानाने "काही पथ्य आहे का?" विचारलं की उत्तर येतं "नाही नाही, आम्ही काहीही खातो, फक्त व्हेज." आणि टेबलावर बसल्यावर अंडं नको, चीज कुठलं आहे, याच चमच्याने टर्की वाढली का, एक एक निघत जातं.

सहज_सुचलं

सांगितलं तर "किती नखरे", नाही सांगितलं तर "आधी का नाही सांगितलं". लेकाच्या मित्राकडे गेलो होतो. आधी फोन करून सगळं सविस्तर सांगितलं, मार्शमेलोसकट. पोचल्यावर यजमानीणबाईंनी सगळ्यांसमोर ओळख करून दिली, "हेच ते मार्शमेलोवाले." तेव्हापासून मी गप्प बसून रोल खातो.

रस्सा_भुरका

बरं, एवढं चाललंच आहे तर मनातलं विचारून टाकतो. आमच्याकडे तुम्ही आलात की तुमच्यासाठी वेगळं मेन, वेगळी ग्रेव्ही, वेगळा चमचा, जवसाचं अंडं. आम्ही तुमच्याकडे येतो तेव्हा कधी चिकन करता? निदान बाहेरून तरी मागवता? पाडव्याला, दिवाळीला तुमच्या घरी येऊन वाटली डाळ आणि श्रीखंड खाऊन "अहाहा" म्हणतोच ना आम्ही? तेव्हा आमचं मेन कुठे असतं?

दोडका

ही तुलनाच चुकीची आहे. श्रीखंड तुम्ही खाऊ शकता. टर्की मी खाऊ शकत नाही. तुमच्यापुढे माझ्या घरचं सगळं ताट असतं.

रस्सा_भुरका

खाऊ शकतो आणि खायला आवडतं यात फरक आहे, बाई. आणि "शकत नाही" नाही, "खात नाही". तुमची निवड आहे. मला निवडीबद्दल आदर आहे. पण आदर एकाच बाजूने धावत असतो हे बघून कंटाळा आलाय. आमच्या घराच्या भांड्यात चहाही न घेणारे नातेवाईक बघितलेत मी, त्यामुळे 'शाकाहारी पाहुणे' म्हटलं की माझ्या डोक्यात फक्त भोपळा येत नाही.

निवांत

@रस्सा_भुरका हा वेगळा आणि खरा विषय आहे, पण दोडका यांच्यावर कशाला काढताय? त्या बिचाऱ्या टर्की शेजारी ठेवूनच जेवतायत.

रस्सा_भुरका

बिचाऱ्या वगैरे नको. त्या समर्थ आहेत.

दोडका

आहेच. आणि मी चमचा वेगळा मागितलेला नाही, एकदाही नाही. वरती वाचा. भांड्यांचं म्हणता ते मलाही आवडत नाही. पण त्याचा हिशोब माझ्या ताटात चुकता करू नका.

पुराणातली_वांगी

मुळात टर्की हवीच हा हट्ट कुठून आला? ज्याला पहिलं थँक्सगिव्हिंग म्हणतात त्या १६२१ च्या प्लिमथच्या जेवणाबद्दल तिथल्या इंग्रज वसाहतीतल्या एडवर्ड विन्स्लोचं जे पत्र आहे त्यात रानपक्षी मारून आणल्याचं आणि तिथल्या मूळ रहिवासी वाम्पानोआग लोकांनी ५ हरणं आणल्याचं आहे. टर्कीचं नाव नाही. लिंकनने १८६३ साली राष्ट्रीय दिवस जाहीर केला, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला १९४१ मध्ये. ग्रीन बीन कॅसरोल तर १९५५ चं, सूप विकणाऱ्या कंपनीच्या स्वयंपाकघरात तयार झालेलं. उलट भोपळे, मका, घेवडे ही युरोपियन यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या मूळ रहिवाशांची पिकं. वाइल्ड राइसही त्यांचाच, ग्रेट लेक्सच्या उथळ पाण्यात उगवणारं गवत ते. म्हणजे परंपराच हवी असेल तर दोडकाबाईंचा कबोचा नाही, पण त्यातलं सारण टर्कीला टक्कर देतं.

चावट_चहा

कबोचा नाही? का? भोपळा नाही का तो?

पुराणातली_वांगी

भोपळ्यांचं मूळ इथलंच, पण हा वाण जपानहून फिरून आला. फार ताणू नका.

ओव्हनवाली

माझ्या ओव्हनचा विषय कुठे गेला? दोडका, तुमचं अर्ध्या तासाचं गणित करून बघितलं. अर्ध्या तासात रोल्स गरम करायचे असतात, कॅसरोलवरचे कांदे कुरकुरीत करायचे असतात, रताळी परत आत जातात. तीन जण रांगेत आहेत, त्यात तुमचा भोपळा चौथा.

निवांत

रताळी स्टोव्हवर करा ना. मेपल सिरप आणि लोणी, वर पिकॅन. मार्शमेलोचा प्रश्नही मिटला.

ओव्हनवाली

मुलं मार्शमेलोसाठीच ती रताळी खातात. तुम्हाला मुलं नाहीत वाटतं.

निवांत

मुलं आहेत, त्यांना मार्शमेलो नुसते देतो. सगळ्यांचा वेळ वाचतो.

खलबत्ता

आणि कृपया कोणी पनीर सुचवू नका. इथल्या मराठी घरात शाकाहारी मेन म्हणजे पनीर मखनी, मंडळाच्या कार्यक्रमातही तेच, लग्नातही तेच. सेज आणि थाईमच्या वासात ते केशरी पातेलं ठेवलं की टेबलावर दोन वेगळ्या पार्ट्या चालू आहेत असं वाटतं. शाकाहारी पाहुण्यालाही थँक्सगिव्हिंगचंच जेवायचं असतं, एरवीच्या शुक्रवारचं नाही.

सहज_सुचलं

मला पनीर मखनी चालेल. अंडं नसतं त्यात.

मठ्ठा_प्लीज

एक महत्त्वाचं राहिलं. व्हेज मेन केलं की ते पहिल्यांदा मांसाहारी लोक संपवतात. "अरे वा, हे काय आहे?" म्हणत एकेक जण पाचर घेतो, आणि ज्यांच्यासाठी केलं ते रांगेच्या शेवटी साल खरवडत असतात. एका मोठ्या गेट-टुगेदरला आमच्या घरच्या चौघांना मिळून एक पाचर मिळाली होती. बाजूला अर्धी टर्की तशीच.

रस्सा_भुरका

म्हणजे आम्ही व्हेज खाल्लं नाही तरी दोषी, खाल्लं तरी दोषी. छान.

दोडका

@मठ्ठा_प्लीज, शाकाहाऱ्यांना आधी वाढायचं, मग भोपळा टेबलावर. किंवा दोन छोटे करायचे आणि एक आतच ठेवायचा. @रस्सा_भुरका, तुम्ही बिनधास्त खा, फक्त दुसऱ्या फेरीत. आणि माझ्या घरी आलात तर शेजारच्या रोटिसरीतून कोंबडी आणून ठेवीन, वेगळ्या चमच्याने वाढीन. झालं?

रस्सा_भुरका

वेगळा चमचा नको. बाकी मंजूर. भोपळ्याची ग्रेव्ही मात्र मला टर्कीवर ओतायला लागेल, ती चांगली वाटतेय.

ओव्हनवाली

वा, तुमचं जमलं. माझ्या किचनमध्ये अजून एकच ओव्हन आहे. ठीक आहे, यंदा करते तुमचा तो भोपळा. अंड्याशिवाय, जिलेटिनशिवाय, पार्मेझानशिवाय, वूस्टरशरशिवाय. पाहुण्यांनी खाल्ला नाही तर अख्खा तुमच्या दारात आणून ठेवीन. चेस्टनट पाकिटातले सोललेले चालतील की सोलत बसायचं?

दोडका

पाकिटातलेच घ्या, उगाच नखं तोडून घेऊ नका. वाइल्ड राइस मात्र आदल्या दिवशी शिजवा, पाऊण तास ते तास लागतो. दाणे फुटून वळले की झाला.

ओव्हनवाली

तास? कोणत्या बर्नरवर?