मदत हवी आहे: 'केळी किरणोत्सारी' ही टीव्हीवरची बातमी बापूंच्या डोक्यातून कशी काढू?

पीलबाग_रावेर
नमस्कार मंडळी. विषय हसण्यासारखा आहे, आधी हसून घ्या, मग उत्तर द्या.

आमची रावेर तालुक्यात केळी, आजोबांपासून. वडील, म्हणजे बापू, सत्तरी ओलांडलेले. रात्री ताट समोर आलं की बातम्या लागल्याच पाहिजेत. मागच्या आठवड्यात एका चॅनलवर 'तुमच्या घरातलं हे फळ सोडतंय किरणं!' अशी लाल पट्टी, मागे ढँण ढँण संगीत, आणि पडद्यावर केळीचा घड हिरवा हिरवा चमकतोय. अर्धा तास नुसतं 'ब्रेकनंतर सांगतो'. शेवटी निवेदिका एका दमात बोलून गेली की प्रमाण नगण्य असतं. तोवर बापू हात धुवायला उठले होते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या मुलीचं शिकरण बंद. मी म्हटलं, असं काही नसतं बापू. तर म्हणे, "टीव्हीवाले काय खोटं दाखवतीन का रे?" वर पुरावाही तयार. त्यांचे एक मित्र डायलिसिसवर आहेत, "त्याले डाक्टरनं केळं बंद कराले लावलं ते काय उगंच?"

माझं मत विचाराल तर चॅनलवाले धडधडीत खोटं बोलत नाहीत, खरं शेवटच्या दहा सेकंदांत कोंबतात. तो ३आय/ॲटलास धूमकेतू आठवा. १ जुलै २०२५ ला सापडला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेली आपल्याला माहीत असलेली तिसरी वस्तू. एवढी भारी गोष्ट, पण आमच्या घरी ती 'परग्रहावरचं यान येतंय' म्हणूनच पोहोचली. १९ डिसेंबरला तो पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तेव्हाही जवळपास २७ कोटी किलोमीटरवर होता. सूर्य १५ कोटींवर आहे, म्हणजे बघा.

तर बापूंना पटेल असं काय सांगू? आणि या चॅनलऐवजी त्यांना दुसरं काय लावून देऊ? त्यांचा अपमान होईल असं काही नको.

भुसावळ_प्लॅटफॉर्म
आधी त्यांना दुसरी बातमी दाखवा. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात भिंतीला टेपने चिकटवलेलं एक केळं ६२ लाख डॉलरला गेलं. आपले पन्नास कोटींच्या वर. घेणाऱ्याने दहा दिवसांच्या आत ते पत्रकारांसमोर सोलून खाल्लं. ठणठणीत आहे.

पीलबाग_रावेर
दाखवली. बापूंनी विचारलं, "कुंटलले किती पडले?"

चोपड्याची_मास्तरीण
भाऊ, बातमी मुळात खरी आहे, त्यामुळे 'असं काही नसतं' म्हणू नका. तिथेच तुम्ही हरता. ते बरोबर आणि तुम्ही चूक असं होऊन बसतं.

केळ्यात पोटॅशियम असतं. निसर्गात जिथे जिथे पोटॅशियम आहे तिथे दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा, आणि तो किरणोत्सारी, म्हणजे आपोआप फुटून किरणं सोडणारा. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. कारभार एकदम सावकाश. मध्यम केळ्यात ०.४ ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम, त्यातले सेकंदाला बारा-तेरा अणू फुटतात. ऐकायला भीती वाटते ना? आता बापूंना सांगा की त्यांच्या स्वतःच्या अंगात सव्वाशे-दीडशे ग्रॅम पोटॅशियम आहे आणि तिथे सेकंदाला चार हजारांवर अणू फुटतात. जन्मल्यापासून. केळं खाल्लं काय, न खाल्लं काय.

केळी खाऊन तो आकडा वाढत जात नाही. शरीर पोटॅशियमची पातळी ठरावीक ठेवतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकून देतं. छातीच्या एका एक्स-रेएवढा डोस कागदावर मोजायचा म्हटला तरी शेकडो केळी लागतात. आणि केळं सोडून बापू काय खाणार? वजनाला वजन धरलं तर कोरड्या तूरडाळीत केळ्याच्या तिप्पट-चौपट पोटॅशियम आहे. वरण बंद करणार का?

पण हे सगळं शाळेतल्या पोरांना सांगायचं. बापूंना शेडमध्ये न्या आणि पोटॅशची, म्हणजे पोटॅशियमच्या खताची, गोणी दाखवा. पन्नास किलोच्या गोणीत सेकंदाला साडेसात लाखांच्या वर अणू फुटत असतात. तिच्यावर बसून त्यांनी किती वेळा चहा घेतला असेल?

धुळेकर_भाऊ
टेन्शन लेऊ नको भाऊ. आमच्या घरी पण हाच सिनेमा. २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आभाळातून जळत काय गेलं ते आठवतं? २ एप्रिल. आम्ही गच्चीवर होतो. एक लांब रेघ, तिचे तुकडे होत होत चाललेले, आणि आवाज अजिबात नाही. फोनवर कोणी उल्का म्हणे, कोणी विमान पडलं म्हणे, कोणी क्षेपणास्त्र. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं पडलेलं सापडलं, आणि अभ्यासकांनी हिशेब लावून सांगितलं की हा चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा. तोवर आमच्या गल्लीत उल्कापात होऊन गेला होता. आमचे काका अजून उल्काच म्हणतात.

माझं म्हणणं, बापूंचं काही चुकत नाही. ज्या डब्यावर त्यांनी चांद्रयान उतरताना पाहिलं, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी, त्याच डब्यावर ही केळ्याची बातमी. त्यांनी एक खरी आणि दुसरी मसाल्याची कशी ओळखायची? अक्षरं तेवढीच मोठी.

जळगाव_फार्मसी
सगळे किरणांवर बोलताहेत, पण गाठ त्या मित्राच्या डायलिसिसमध्ये आहे. किडनी निकामी झाली की जास्तीचं पोटॅशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. म्हणून अशा पेशंटला केळी, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो जपून खायला सांगतात, प्रमाण डॉक्टर ठरवतात. त्याचा किरणांशी काडीचा संबंध नाही. बापूंनी दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी बनवली आहे. आधी ही गाठ सोडा, मग गोणी दाखवा. आणि मित्राला चुकूनही 'आता खा' म्हणू देऊ नका, ही कळकळीची विनंती.

चोपड्याची_मास्तरीण
हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, मस्त पकडलंत.

पाहायला काय द्यावं? दूरदर्शनवर पूर्वी 'टर्निंग पॉइंट' हा विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा. शास्त्रज्ञ प्रा. यशपाल लोकांच्या पत्रांतल्या प्रश्नांना उत्तरं द्यायचे, आणि कुठलाही प्रश्न त्यांना येडा वाटायचा नाही. इंटरनेटवर भाग सापडले तर लावून द्या.

भुसावळ_प्लॅटफॉर्म
ताई, ते जुनं आहे, बापू पाच मिनिटांत झोपतील. ज्याला ढँण ढँणची सवय लागली त्याला शांत माणूस चालत नाही. त्यापेक्षा वाचायला द्या. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करतेय, त्यांची मासिक 'पत्रिका' येते. छापलेल्यावर आपल्या म्हाताऱ्यांचा भरवसा असतो.

पीलबाग_रावेर
सगळ्यांचे आभार. फार्मसीवाल्या दादांचं ऐकून सुरुवात किडनीपासून केली. बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे याची गाळणी खराब झाली म्हणून." म्हटलं, तेच. मग शेडमध्ये गेलो. लाल पोटॅशच्या अर्ध्या गोणीचं तोंड सुतळीने बांधलेलं होतं, ते सोडून त्यांनी मूठभर हातात घेतलं, चोळलं आणि विचारलं, "मंग हे विकाले बंदी काऊन नाही?" या प्रश्नावर मी एकही शब्द बोललो नाही, तेच पुढे म्हणाले, "म्हणजे काही होत नसीन."

पाल इथल्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा नमुना द्यायचाच आहे, तेव्हा बापूंना घेऊन जातो. तिथल्या साहेबांनी एक वाक्य बोललं की काम पक्कं. पत्रिकेचीही वर्गणी भरतो. चॅनल मात्र सुटेल असं वाटत नाही, जेवताना शांत बसवत नाही त्यांना.

शिकरण परत सुरू झालं. बापू स्वतः खात नाहीत. विचारलं तर म्हणे, "मले तं पह्यलेपासूनच आवडत नाही."

आता नवा विषय निघालाय: १३ एप्रिल २०२९ ला अपोफिस लघुग्रह जमिनीपासून ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे, आदळणार नाही, पण चॅनलवर तो आत्ताच आदळायला लागलाय. त्याचा वेगळा धागा काढतो.