परळ वर्कशॉप गेलं तर नेमकं काय जातं?

पानावाला: १८७९ चं परळ वर्कशॉप, म्हणजे मध्य रेल्वेचा मोठ्या दुरुस्तीचा (ओव्हरहॉलचा) कारखाना, तिथे टर्मिनस करायचा प्रस्ताव, आणि चर्चा फक्त जागेच्या भावाची. खरी कात्री करारात आहे. लोकलच्या २३८ एसी गाड्यांच्या निविदेत देखभालही ३५ वर्षं बनवणाऱ्याकडेच. लातूरला बांधायच्या वंदे भारत स्लीपरचंही तेच. गाडी रेल्वेची, पाना कंपनीचा! माटुंगा वर्कशॉपच्या फिटरने करायचं काय?

अभ्रक: करार नव्हते तेव्हाही कामं गेलीच की. १५०० व्होल्ट डीसीच्या लोकल आठवा. मोटरीचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) काढा, त्यावरचा कम्युटेटर (तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) लेथवर घ्या, मग तांब्याच्या पट्ट्यांमधला अभ्रक खरवडून खाली न्या. कारण तांबं झिजतं, अभ्रक वर राहतो, त्यावर वीज पोचवणारा कार्बनचा ब्रश उडतो आणि फ्लॅशओव्हर, म्हणजे ठिणगीचा भडका. पावसाचं पाणी शिरलं की मेगरवर इन्सुलेशनचा आकडा खाली, मोटर सुकवायला भट्टीत. आताच्या लोकलच्या थ्री-फेज एसी मोटरीला ना कम्युटेटर ना ब्रश. बेअरिंग आणि स्पीड सेन्सर सांभाळा, बास. पश्चिमवरचा डीसी २०१२ ला संपला, मध्यवरचा २०१६ ला. ते काम आटलं, त्याचं खापर कुणावर फोडणार?

पानावाला: मोटरीचं मान्य. पण चाकाला एसी-डीसी कळत नाही. अ‍ॅक्सलवर चाक दाबताना प्रेसचा आलेख बघावा लागतो. दाब सारखा चढत गेला पाहिजे. मध्येच पडला तर चाकाचं भोक मोठं झालंय, ते चाक पुढे सरकणार. दोन चाकांच्या आतल्या बाजूंत अंतर १६०० मिमी, वर तडे शोधायला अल्ट्रासॉनिक तपासणी. ही नजर तीन महिन्यांच्या ठेक्यावर येत नाही.

डर्बीकर नाही: इंग्लंडात २०११ ला लंडनच्या थेम्सलिंक मार्गाच्या गाड्यांची ऑर्डर सीमेन्सकडे गेली आणि डर्बीत गाड्या बांधणाऱ्या बोंबार्डियरने चौदाशेच्या वर नोकऱ्या कमी करायचं जाहीर केलं. तिथलं तंत्र काही जुनं नव्हतं. ऑर्डर हुकली, माणसं घरी.

अभ्रक: तुलना चुकतेय. डर्बी बांधणीचा कारखाना, परळ ओव्हरहॉलचं. ऑर्डर आटते, ओव्हरहॉल नाही. एलएचबी डब्याला (लांब पल्ल्याच्या गाड्यांचा नवा स्टीलचा डबा) ३ आणि ६ वर्षांनी मोठ्या दुरुस्तीची पाळी ठरलेलीच.

पानावाला: पाळी ठरलेली, पण ती कोण करणार? फॉल्ट वाचायचं सॉफ्टवेअर आणि त्याचा पासवर्ड कंपनीकडे असेल तर आपला माणूस नुसता दरवाजा उघडून देणार.

अभ्रक: मग मोर्चात ‘वर्कशॉप वाचवा’ म्हणण्याआधी निविदेत तेच मागा ना: पासवर्ड, ड्रॉइंग आणि चाकाचं काम रेल्वेकडे. आर्मेचर काही परत येत नाही.