मदत हवी आहे: अ^२ चे आयगेनव्हेक्टर अ ला का चालत नाहीत?

उलटसुलट: मॅट्रिक्स अ च्या ओळी (०, ४, ०), (१, ०, ०), (०, ०, १). अ·व = ल·व असेल (म्हणजे व हा अ चा आयगेनव्हेक्टर आणि ल ही संख्या त्याची आयगेनव्हॅल्यू) तर अ^२·व = ल^२·व, हे एका ओळीत सिद्ध होतं. म्हणून मी अ^२ चे आयगेनव्हेक्टर काढून तेच अ साठी वापरले. अ^२ कर्णावर ४, ४, १ असलेली साधी मॅट्रिक्स येते, आणि नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) (१, ०, ०), (०, १, ०), (०, ०, १) देतं. पण अ ने (१, ०, ०) ला गुणलं की (०, १, ०) मिळतो. कुठे चुकतंय?

कर्णरेषा: आकडेमोड बरोबर आहे, गृहीतक चुकलंय. अ चा प्रत्येक आयगेनव्हेक्टर अ^२ चा असतोच, पण उलटं असेलच असं नाही. तुमच्या अ च्या आयगेनव्हॅल्यू २, -२ आणि १. वर्ग केल्यावर २ आणि -२ दोन्हींचे ४ झाले. त्यामुळे (२, १, ०) आणि (-२, १, ०) या दोन वेगळ्या दिशा एकाच प्रतलात मिसळल्या, आणि त्या प्रतलातला शून्य सोडून कुठलाही व्हेक्टर अ^२ ला चालतो. नमपायने त्यातली कुठलीतरी जोडी उचलून दिली. १ चा जोडीदार -१ यादीत नाही, म्हणून (०, ०, १) शाबूत राहिला.

मिसळलेलं वेगळं करता येतं. अ^२·व = म·व असेल आणि म शून्य नसेल, तर म चं वर्गमूळ स घ्या आणि दोन व्हेक्टर काढा:
प = अ·व + स·व
फ = अ·व - स·व
प शून्य नसेल तर तो अ चा आयगेनव्हेक्टर, आयगेनव्हॅल्यू स. फ शून्य नसेल तर आयगेनव्हॅल्यू -स. कारण (अ - स)(अ + स)व = ०. तुमचा व = (१, ०, ०), स = २ घाला: प = (२, १, ०), फ = (-२, १, ०). दोन्ही हाती आले. प किंवा फ शून्य निघाला, तर मुळातला व च अ चा आयगेनव्हेक्टर होता.

शून्यमनस्क: पण अ डायगोनलाइझ होत नसेल (म्हणजे पुरेसे स्वतंत्र आयगेनव्हेक्टर नसतील) तर हे कोसळेल ना?

कर्णरेषा: नाही, आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. ओळी (१, १), (०, १) घ्या. वर्गाच्या ओळी (१, २), (०, १). आयगेनदिशा दोन्हीकडे एकच, (१, ०). वरच्या रीतीत व = (प - फ)/२स असतं, म्हणजे अडचण फक्त स = ० असताना. ओळी (०, १), (०, ०) असतील तर वर्ग पूर्ण शून्य होतो आणि प्रत्येक दिशा चालते, अ ची मात्र एकच. वर्गाऐवजी घन (अ^३) असेल तर म ची तिन्ही घनमुळं धरावी लागतात, त्यामुळे कॉम्प्लेक्स संख्या टाळू नका. ९० अंश फिरवणाऱ्या मॅट्रिक्सला वास्तव आयगेनव्हेक्टर एकही नाही, तिच्या वर्गाला मात्र सगळे. कॉम्प्लेक्समध्ये पाहिलं तर i आणि -i या दोघांचा वर्ग -१, म्हणजे पुन्हा तीच मिसळ.

वास्तव सिमेट्रिक (कर्णाच्या दोन्ही बाजूंना सारखी) मॅट्रिक्स आणि विषम घात असेल तर निर्धास्त राहा: वेगळ्या वास्तव संख्यांचे घन वेगळेच असतात.

दशांश: एक व्यावहारिक भर. मोठा घात करून मग आयगेनव्हेक्टर काढायला जाऊच नका. ओळी (२, १), (१, २) असलेल्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू ३ आणि १. ४० व्या घातात कर्णावरची संख्या (३^४० + १)/२ आणि कर्णाबाहेरची (३^४० - १)/२, म्हणजे फरक फक्त १ चा. दोन्ही साधारण ६ × १०^१८, आणि डबल प्रिसिजनमध्ये (संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटी संख्यांत) तिथे लागोपाठच्या संख्यांत १०२४ चं अंतर असतं. तो १ गायब होतो, आणि त्याच्याबरोबर दुसरी आयगेनव्हॅल्यूही. मूळ अ चे आयगेनव्हेक्टर काढा आणि आयगेनव्हॅल्यूचाच ४० वा घात करा.

उलटसुलट: (०, १, ०) वर ही रीत लावली: प = (४, २, ०), फ = (४, -२, ०). त्याच दोन दिशा, फक्त दुपटीने, आणि फ चं चिन्ह बदलून. नमपाय (२, १, ०) ला ०.८९४, ०.४४७, ० असं दाखवतं, ते लांबी १ केल्यामुळे ना?

दशांश: हो. चिन्हही उलटं येऊ शकतं, म्हणून आकडे जुळवत बसू नका. अ·व - ल·व शून्याच्या जवळ आहे का एवढंच तपासा.